धुरावर टिकलेलं छप्पर

माझं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, लोकांवर ओरडण्याचं. सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलात फुप्फुसांच्या तपासणीची लॅब आहे. पेशंट खुर्चीत बसतो, नाकाला चिमटा लावतो, तोंडात नळी धरतो आणि छातीभर श्वास घेऊन जोरात सोडतो. अर्ध्यात त्याचा दम संपतो, तेव्हा मी ओरडते, "कीप गोइंग, कीप गोइंग, मोअर, मोअर!" दिवसभर हे करून घरी आले की नवरा म्हणतो, "आवाज जरा खाली घे. इथे कुणी पेशंट नाही."

पेशंट होती. माझी आई होती.

बाबा गेल्यावर मी तिला भोरहून सिडनीला आणलं. दिवसकार्य उरकलं, घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि तिला म्हटलं, "आता तू माझ्याकडे." ती काही बोलली नाही. मी तो होकार धरला आणि व्हिसाच्या मागे लागले. चांगला मोठ्या मुदतीचा व्हिसा मिळाला तेव्हा मी पेढे आणले. आईने एक उचलला, अर्धा मोडून मला दिला आणि म्हणाली, "एवढ्या मुदतीचा कशाला काढलास?"

पेंडल हिलला आमचा फ्लॅट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्टेशनचा जिना चढून आलं की आई दर दुकानापाशी थांबायची. साड्या, मोबाइलची कव्हरं, टॅक्स भरून देणाऱ्याची पाटी, सगळं मन लावून बघायची. मला वाटलं, चला, बाई रमली. मग एकदा ती एका बंद दुकानाच्या शटरसमोरही तितक्याच आवडीने उभी राहिली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. श्वास घेताना ते वर उचलले जात होते. दिवसभर मी हेच बघते आणि घरातलं मला दिसलं नव्हतं, याचा मला इतका राग आला की मी तिथेच तिच्यावर ओरडले, "दम लागतोय तर सांगत का नाहीस?"

"दम कुठला? गुडघा दुखतोय," ती म्हणाली. तिचा गुडघा हा फार कामाचा अवयव होता. जिना आला, चढ आला, बादली उचलायची वेळ आली की तो दुखायचा.

रीतसर डॉक्टरांची चिठ्ठी आणून मी तिची तपासणी करवली. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते, म्हणून माझी सहकारीण आत होती आणि मी दाराबाहेर. आईने नळी हातात घेतली ती फुंकणी धरावी तशी, दोन बोटांत, तिरकी. पडद्यावर रेघ वर चढली आणि लगेच आडवी झाली. पुढे डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट ओढायचात का. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडे कुणी सुपारीसुद्धा खात नाही." डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, चुलीवर स्वयंपाक केलाय का. त्यावर मात्र ती खुलली. लग्न होऊन आली तेव्हा घरात किती माणसं होती, भाकऱ्यांची चळत केवढी व्हायची, पावसाळ्यात ओली लाकडं कशी धुमसायची, आणि पहाटे सगळ्यांच्या अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायचं काम तिच्याचकडे कसं होतं, सगळं सांगितलं. "बंब मला सोडून कुणाला पेटायचा नाही," ती म्हणाली. डॉक्टर नुसती मान हलवत होते. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

श्वासातून औषध घ्यायचा पंप सुरू करायचं ठरलं. सकाळी आणि संध्याकाळी. त्याला जोडायची प्लॅस्टिकची फुगीर नळीही मी आणली, म्हणजे औषध घशात न बसता आत उतरतं. पंप कसा घ्यायचा हे शिकवणं माझ्याच कामाचा भाग. ग्रीक आजोबांना, लेबनीज आज्यांना, पोर्ट केम्ब्लाच्या पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या दणकट माणसांना मी ते शिकवलंय. माझ्या आईने हाताची घडी घातली.

"पंपाची सवय लागते. एकदा सुरू झाला की सुटत नाही."

"चष्म्याची पण लागते, आई. तो घालतेस ना?"

"चष्मा वेगळा."

माझी लेक हायस्कूलला आहे. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, हाफ माय क्लास हॅज अ पफर. इट्स नॉट अ बिग डील."

"असू दे की," आई म्हणाली. "ती पोरं इथलीच आहेत. त्यांना कुठे जायचंय?"

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं, म्हटलं. मी विनवण्या केल्या, रुसले, बोलणं टाकलं. ती पंप हातात घ्यायची, "घेते मग" म्हणायची आणि फ्रिजवर ठेवायची. मी तो उचलून माझ्या पर्समध्ये टाकायचे, कारण हिला बाहेर कुठे दम लागला तर जवळ असावा. असे महिने गेले.

मध्येच धुपाचं प्रकरण झालं. एका गुरुवारी आईने देवापुढे धूप घातला. खोलीत धूर साठला, छतावरची धोक्याची घंटा किंचाळायला लागली, आणि आईने जे आपल्याकडे कुणीही करेल तेच केलं. धूर बाहेर जाऊ दे म्हणून फ्लॅटचं मुख्य दार सताड उघडलं. घरातली घंटा घरापुरती वाजते. कॉरिडॉरमधली थेट अग्निशमन दलाला कळवते. अख्खी बिल्डिंग खाली रस्त्यावर उभी, कुणी टॉवेलवर, कुणी मांजर काखोटीला मारून, आणि सायरन वाजवत लाल गाडी हजर. भला थोरला जवान वर आला, धुपाटणं बघून हसला, आईला म्हणाला, "नो वरीज, लव्ह." बिल्डिंगमधल्यांनीही कुणी काही म्हटलं नाही. पण आई भेदरली. त्यानंतर तिने धूप सोडला, मग फोडणी सोडली, मग हळूहळू स्वयंपाकघरच सोडलं. मी कामावरून आले की ती सोफ्याच्या कडेला बसलेली असायची, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तशी. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला चिडायला होतं. मी चिडून जपानची तिकिटं काढली.

कारण लेकीला जपान बघायचं होतं आणि एप्रिलची सुट्टी येत होती. नवऱ्याच्या ऑफिसात कसल्याशा नव्या सिस्टीमचं गो-लाइव्ह होतं, म्हणून आम्ही तिघीच. लेकीशी सौदा असा ठरला, की टोकियोतली दुकानं तिच्या मनासारखी, आणि नंतरचं डोंगरातलं जुनं गाव माझ्या मनासारखं. त्या गावाचे फोटो मी पाहिले होते. चारी बाजूंनी डोंगर, मधोमध भातखाचरं, आणि दोन्ही हात जोडून नमस्कार करावा तशा उतरत्या, जाडजूड गवताच्या छपरांची घरं. आईला तिथे भोरसारखं वाटेल, मी ठरवून टाकलं. त्यातल्याच एका शेतकरी घरात मुक्काम. मी सगळं वाचलं. बस कुठे मिळते, बूट कुठे काढायचे, आईसाठी शाकाहारी जेवण कसं सांगायचं, अंथरूण जमिनीवर असतं म्हणून तिच्या गुडघ्याला चालेल का. एकच गोष्ट माझ्या नजरेतून निसटली, आणि फुप्फुसांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईच्या नजरेतून नेमकी ती निसटावी, याला काय म्हणायचं?

ताकायामा शहराहून बसने बोगद्यांमागून बोगदे पार करत आम्ही पोचलो, तेव्हा दुपार होती. रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग अजून वितळत होते. गावात शिरल्या शिरल्या आई थांबली. मी सवयीने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. पण या वेळी ती खरंच काहीतरी बघत होती. समोरच्या घराच्या छपरावर गावातली माणसं दाटीवाटीने, ओळीने चढलेली. खालून गवताच्या पेंढ्या हातोहात वर जात होत्या, वरचे त्या अंथरून दोरीने आवळत होते, लाकडी थापीने ठोकून सारख्या करत होते. खाली बायका मोठमोठ्या पातेल्यांत काहीतरी शिजवत होत्या.

"अगं, शाकारणी चाललीय!" आई म्हणाली. इतक्या मोठ्या आवाजात ती सिडनीत कधी बोलली नव्हती.

मग तिने माझ्या लेकीला धरून समजावलं. पावसाच्या आधी छपराचं कुजलेलं गवत काढून नवं घालायचं, त्याला शाकारणी म्हणतात. तिच्या माहेरच्या गावात वरच्या आळीला अशी गवताची केंबळी घरं होती. आणि हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. इर्जिक घालतात ना, तसं. आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे सगळे, आणि ज्याच्याकडे काम त्याने जेवण घालायचं. लेकीने फोन काढून व्हिडिओ घेतला. "सो नोबडी गेट्स पेड?" तिने विचारलं. "जेवण घालतात की," आई म्हणाली. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. वाऱ्याने माझे कान गार पडले, तरी मी तिला "चल" म्हटलं नाही.

मुक्कामाच्या घराचं दार सरकवलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. घरात धूर होता. खोलीच्या मधोमध जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात राख, राखेत लाकडं पेटलेली आणि वरच्या आकड्याला लोखंडी किटली टांगलेली. धुराड्याचं नाव नाही. धूर सरळ वर जात होता, काळ्याभोर वाशांमधून पसरत, छपराच्या गवतात मुरत. घराच्या मालकीणबाई आईच्याच वयाच्या, कमरेत किंचित वाकलेल्या. एवढ्या मोठ्या घरात एकट्या. त्यांनी वाकून स्वागत केलं, आम्हीही वाकलो, आणि वाकता वाकता मी मनात हिशेब करत होते की आता लगेच ताकायामाला परतायला बस मिळेल का.

आई केव्हाच चुलीपाशी जाऊन बसली होती. मांडी घालून. गुडघ्याची तक्रार नाही, काही नाही. तिने हात शेकले, एक लाकूड किंचित मागे ओढलं, आणि धुमसणारी ज्योत नीट लागली. मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि मान डोलावली.

"आई, तोंडाला मास्क लाव आणि इकडे ये," मी म्हटलं.

"किती छान ऊब आहे गं."

"धूर आहे. तुझ्या छातीला चालणार नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर तिकडे आहेत," आई म्हणाली.

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधून मी मालकीणबाईंना विचारलं, आग थोडा वेळ विझवता येईल का, आईला श्वासाचा त्रास आहे. फोन त्यांच्याशी जपानीत बोलला. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दोनदा माफी मागितली, आईचं आसन वाऱ्याच्या बाजूला सरकवलं, मागची एक सरकती खिडकी उघडली, लाकडं कमी केली. पण आग विझवली नाही. त्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि तो आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "धुरामुळे छप्पर टिकते. दोऱ्या घट्ट राहतात. किडे येत नाहीत. आग नसेल तर घर मरते."

"खरंय," आई लगेच म्हणाली. "आमच्याकडे पण बियाणं चुलीवरच टांगायचे. कणसं, दोडक्याचं बी. कीड लागायची नाही. वाशांना वाळवी लागायची नाही."

हे तिने फोनला सांगितलं. फोनने त्यांना सांगितलं. मग दोघी जणी सुरूच झाल्या. मी मध्ये बसून चिडचिडत होते आणि ऐकतही होते. आईच्या तोंडून एवढे शब्द मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. पर्समध्ये पंप होता, बोटाला लावायचं ऑक्सिजन बघायचं यंत्र होतं. हिला ओढून नेऊ की बसू देऊ, हे मला ठरवता येईना. शेवटी मी बसू दिलं. जरा जरा वेळाने तिचं बोट धरून यंत्र लावत होते, आणि आई आकडा न बघताच बोट सोडवून घेत होती.

मालकीणबाईंनी लेकीला आणि मला माळा दाखवायला वर नेलं. आईचा गुडघा जिन्यापाशी पुन्हा दुखू लागला, ती खालीच राहिली. वर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे म्हणे. तिथून छप्पर आतून दिसतं. एवढाले वासे, एक खिळा नाही, सगळं दोऱ्यांनी बांधलेलं आणि धुराने काळं तुळतुळीत झालेलं. लेक म्हणाली, "दिस इज सो कूल." मलाही वाटलं. पण माझ्या डोळ्यांसमोर लॅबमधला पडदा येत होता आणि त्यावरची आडवी झालेली रेघ. या छपराला पिढ्यान्पिढ्या धूर घालणारं कुणीतरी खाली बसलेलं असणार. आणि ते कुणीतरी म्हणजे घरातली बाईच असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

जेवायला भात, भाज्या, डोंगरातली रानभाजी आणि सोयाबीनची आमटी. आईने भातावर डबीतून आणलेलं मेतकूट घातलं, थोडं मालकीणबाईंनाही दिलं. त्यांनी ते चिमटीत घेऊन हुंगलं, चाखलं आणि आणखी मागितलं. आई त्या आनंदातच झोपली.

पहाटे खोकल्याच्या आवाजाने मला जाग आली. कोरडा, खोल, शेवटी शीळ उमटणारा खोकला. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. लेक गाढ झोपली होती. मी पर्स उचलली आणि धावत बाहेरच्या खोलीत गेले, मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत. आई चुलीपाशी शांत बसली होती. खोकत होत्या त्या मालकीणबाई.

मी दारातच उभी राहिले. खोकला ऐकून माणूस ओळखणं हा माझा धंदा, आणि मला वाटलं होतं ती माझी आई आहे. तोच सूर, तेवढीच लांबी, शेवटी तसाच छातीवर ठेवलेला हात. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघींच्या मध्ये नुकतीच पेटलेली आग होती. पेटवली कुणी होती ते मला लगेच कळलं, कारण लाकडं बंबात रचतात तशी उभी रचलेली होती.

खोकला थांबल्यावर मालकीणबाईंनी मागच्या फळीवर हात नेला. चहाच्या डब्याशेजारून एक पंप काढला. हलवला, श्वास सोडला, दाबला, सावकाश आत ओढला आणि डोळे मिटून धरून ठेवला. मग पंप पुन्हा डब्याशेजारी ठेवला आणि किटलीकडे वळल्या. जसं काही चहात साखर घालावी तसं. आईची नजर हलली नाही. तिने माझ्यासमोर हात पसरला. "फोन दे."

लहान मुलाशी बोलावं तसं फोनमध्ये एकेक शब्द उच्चारत तिने विचारलं, "याची सवय लागते का?"

उत्तर आलं, "होय. सवय लागली आहे. चहाचीसुद्धा आहे."

"तुमची मुलंबाळं कुठे असतात?"

"मुलगी नागोया येथे आहे. ती दररोज फोन करते. ती म्हणते, घर बंद कर, माझ्याकडे ये."

"मग?"

मालकीणबाई हसल्या. फोन म्हणाला, "मी औषध घेते. त्यामुळे ती रागावत नाही. मी येथे राहते."

आई हसायला लागली. खो खो हसली, हसता हसता खोकली, तिचं बघून त्याही हसल्या आणि खोकल्या. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गुडघ्यांवर हात मारत हसत होत्या आणि मी वेड्यासारखी बघत उभी. मग आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझी पर्स आण इकडे."

पंप कोणत्या कप्प्यात आहे हे तिला बरोबर माहीत होतं. फुगीर नळी काढली, पंप हलवला, नळीला बसवला. श्वास पूर्ण सोडला. ओठ घट्ट मिटले, दाबलं, सावकाश, अगदी सावकाश आत घेतलं आणि धरून ठेवलं. मी इतके महिने जे जे सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर ती विसरली नव्हती. मालकीणबाई बोटांवर आकडे मोजत होत्या. आईने श्वास सोडला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "व्हेरी गुड! परफेक्ट!"

"जमलं ना?"

"एकदम छान जमलं, आई."

"रोज सकाळ-संध्याकाळ असंच ना?"

"हो. आणि नंतर चूळ भरायची."

"भोरला मिळतो ना हा?"

"भोरला मिळेल. नाहीतर पुण्याहून मागवता..." इथपर्यंत मी लॅबमधल्या आवाजात बोलून गेले आणि मग मला कळलं मी काय बोलतेय.

आई माझ्याकडेच बघत होती. "मग आता मला घरी जाऊ दे."

"म्हणून घेत नव्हतीस?"

"घेतला असता तर तू म्हणाली असतीस, आजारी आहेस, आता इथेच राहा. एकदा सिडनीचा पंप लागला की मी सिडनीचीच झाले असते."

"तिथे तुझं कोण आहे, आई? रात्रीबेरात्री दम लागला तर?"

"हिचं कोण आहे?" तिने मालकीणबाईंकडे मान वळवली. "काकू आहेत शेजारी. पंप असेल. तू रोज फोन करशील. ओरडशील. राहीन मी."

मला राग आला. एवढं सगळं केलं, व्हिसा केला, रजा काढल्या, जिवाचं रान केलं, आणि ही मला तिला चोरासारखं कोंडून ठेवणारी समजते? तो राग तोंडाशी आलाच होता. "मी तुला सांभाळायला आणलं आणि तू..."

"तू मला सांभाळावंस म्हणून नव्हते आले गं मी," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर तू तिकडे एकदासुद्धा रडली नाहीस. पाहुण्यांचे चहा केलेस, दाखले आणलेस, कपाटं आवरलीस. नुसती पळत होतीस. मला वाटलं, हिला एकटीला कशी सोडू? म्हणून कुलूप लावून आले. तुला बघायला."

बाबांचं कपाट आवरताना त्यांचा स्वेटर मी बॅगेत घातला होता आणि तो अजून, सिडनीत, घडीसुद्धा न मोडता पडला होता. तो मला त्या जपानी घरात आठवला आणि मी रडायला लागले. आवाज करून, नाक वाहेपर्यंत. आईने मला जवळ ओढलं, पण "रडू नको" म्हणाली नाही. मालकीणबाईंनी फोन उचलला नाही, काही विचारलं नाही. त्यांनी माझ्यासमोर चहाची वाटी ठेवली आणि आगीत एक लाकूड सारलं.

"झालं," माझं रडणं ओसरल्यावर आई म्हणाली. "आता मला जायला हरकत नाही."

दुपारच्या बसमध्ये लेक माझ्या पुढच्या सीटवर झोपली होती आणि आई खिडकीपाशी बसून शाकारून झालेली छपरं बघत होती. मी फोनवर विमानाची तिकिटं शोधायला घेतली. सिडनी ते पुणे. पहिलाच प्रश्न होता, एकेरी की परतीचं. आईने वळून पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. दुसऱ्या हाताने मी एकेरी निवडलं.